गंगव्वाच्या झऱ्याचा रिपोर्ट

मी चौतीस वर्षं पाणी तपासलं. एवढं सांगितलं की समोरचा माणूस "हो का?" म्हणतो आणि विषय बदलतो. डॉक्टरला लोक नाडी दाखवतात, वकिलाला कागद दाखवतात. पाणी तपासणाऱ्याची आठवण फक्त पोट बिघडलं की होते. धारवाडात ओळखीचे लोक मला 'बाटलीसर' म्हणतात, कारण खांद्याला कायम बाटल्यांची पेटी असायची. नव्या माणसाचा या नावामुळे भलताच समज होतो, आणि तो दूर करायची घाई माझी बायको सुधा कधीच करत नाही.

काम सांगायला सोपं आहे. विहीर, बोअर, नळ, टाकी, जिथलं पाणी माणसं पितात तिथे जायचं, नमुना घ्यायचा आणि प्रयोगशाळेत आणून बघायचा. पण नमुना घेणं हीच खरी विद्या. बाटली निर्जंतुक हवी, झाकणाला आतून बोट लागता कामा नये. ओढ्यात बाटली वीतभर खाली न्यायची, तोंड येणाऱ्या प्रवाहाकडे करायचं, वरती थोडी जागा रिकामी सोडायची. आणि चिठ्ठी तिथल्या तिथे लावायची: जागा, घर नंबर, मालकाचं नाव, वेळ. मला ज्या साहेबांनी हे शिकवलं ते म्हणायचे, "घर नंबर नसलेला रिपोर्ट म्हणजे कट्ट्यावरच्या गप्पा." त्यांचा दुसरा नियम याहून कडक होता. रिपोर्ट वाईट आला तर आधी मालकाच्या घरी जाऊन त्याला एकट्याला सांगायचं, पुन्हा नमुना घ्यायचा, तोही वाईट आला तरच सही करायची. एका बाटलीवर निकाल द्यायचा नाही. नोकरीत असेपर्यंत मी हे दोन्ही नियम पाळले. त्यानंतरचं पुढे येईलच.

लोक स्वतःही पाणी घेऊन यायचे. मळमड्डीतले एक निवृत्त हेडमास्तर अत्तराच्या कुपीतून पाणी घेऊन आले आणि म्हणाले, "याला वास येतो, बघा." एक बाई लोणच्याच्या बरणीतून घेऊन आल्या. पाणी खारट निघालं म्हटल्यावर बोअर मारणाऱ्याशी भांडायला पदर खोचून तयार. बरणी धुतली होती का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "का हो, आमच्याकडची भांडी तुम्ही घासून जाता काय?" असल्या लोकांपुढे मी माझ्या घरचं उदाहरण द्यायचो. गावाच्या कडेला कॉलनीत घर बांधलं तेव्हा संडासाचा खड्डा मी स्वतः उभं राहून खणून घेतला होता. "इतकी वर्षं झाली, एकदाही उपसावा लागला नाही. काम असं करायचं असतं," असं मी दहा ठिकाणी सांगितलं असेल. हे वाक्य लक्षात ठेवा, मला ते आता नको झालंय.

निवृत्तीनंतर दोन महिन्यांत सुधा कंटाळली. "अहो, रोज उठून माझ्या हंड्यात नाक घालण्यापेक्षा बाहेर कुठं तरी घाला," म्हणाली. त्यातून आमचा 'नदीचा दिवस' सुरू झाला.

आमच्या गावात शाल्मला उगम पावते. नदीचा मान तिला आहे, पण तिला जाऊन मिळणारे बारके ओढे कुणी मोजत नाही. आमच्या बाजूने असा एक जातो, हुणसेहळ्ळ. हळ्ळ म्हणजे ओढा आणि हुणसे म्हणजे चिंच. काठाला चिंचा आहेत म्हणून नाव. पाऊस संपून पाणी निवळलं की कार्तिकात एका रविवारी सकाळी आम्ही तीस-चाळीस जण या ओढ्याच्या उगमापासून चालत निघतो, तीनेक मैलांवर शाळेच्या पटांगणात थांबतो. तिथे गिरमिट, म्हणजे आमच्याकडचे मसाल्याचे चुरमुरे, मिरचीभजी, चहा. दोन दिवसांनी संध्याकाळी त्याच पटांगणात समारंभ. मुलांची चित्रं, चार गाणी आणि माझं पाण्यावरचं भाषण, जे दरवर्षी लांबतं असं सुधाचं मत आहे.

माणसं नेणं हे बाटल्या नेण्यापेक्षा अवघड. बाटल्या मागे राहून फोनवर बोलत नाहीत. पुढे मी असतो, सगळ्यात मागे सुधा. तिच्या मागे कुणी राहायचं नाही हा नियम. दर वळणावर डोकी मोजायची. आग्यामोहोळाच्या झाडाखाली अत्तर लावून आलेल्यांना थांबू द्यायचं नाही. कुणाला एकाला पक्ष्यांचा आवाज ऐकायचा असतो आणि तो स्वतः अखंड बोलत असतो. अळणावरचे एक अप्पा येतात, सगळी नोकरी लाकडाच्या डेपोत गेलेली. आम्ही झाडाखाली उभं राहून सावलीचं कौतुक करत असलो की ते बुंध्याभोवती हात फिरवून आधी घनफूट सांगतात आणि मग शरमून म्हणतात, "सवय हो." पण ओढ्यातला दगड उलटा करून त्याच्या पोटाला चिकटलेला तीन शेपट्यांचा किडा मी दाखवला की तेही गुडघ्यावर बसतात. हा किडा घाण पाण्यात राहत नाही. तो दिसला की वरचं पाणी बरं आहे असं समजायचं. नखाएवढा जीव, पण माझ्या मशीनपेक्षा लवकर सांगतो.

चालायची सुरुवात व्हायची गंगव्वाच्या झऱ्यावर. गंगव्वा तेव्हा सत्तरीच्या आतबाहेर असेल. कातळातून झरा निघतो, खाली दगडी कुंड आहे, आणि कुंडाला लागून तिचं दोन खोल्यांचं घर. सासूने तिला लग्नाच्या तिसऱ्या दिवशी कुंडाची केरसुणी हातात दिली होती, ती तिने खाली ठेवली नाही. शेवाळ काढायचं, पानं वेचायची, चपला घालून आलेल्याला खडसावायचं. नदीच्या दिवशी काही बायका सुपात हळदकुंकू, बांगड्या घालून नदीला बागिन, म्हणजे वाण, द्यायला यायच्या. सूप पाण्यात सोडायचं नाही, पाण्याला दाखवून परत न्यायचं, हे माझ्या आधी तिनेच ठरवलं होतं. मग ती तांब्या घेऊन कुंडापाशी उभी राहायची. पहिली ओंजळ स्वतः प्यायची आणि मग एकेकाच्या ओंजळीत पाणी घालायची. ती ओंजळ प्यायल्याशिवाय चालायला निघायचं नाही अशी रीतच पडली. वर्षाचे बाकीचे दिवस तिला 'झऱ्यावरची म्हातारी' म्हणणारे लोकसुद्धा त्या सकाळी तिच्यापुढे वाकून उभे राहायचे.

तीन वर्षांपूर्वी मला सुचलं की लोकांना नुसतं सांगण्यापेक्षा दाखवावं. एक छोटी बाटली मिळते, आत औषध लावलेली पट्टी असते. पाणी भरून दोन दिवस उबेत ठेवायची. पाण्यात संडासाची घाण असेल तर बाटली काळी होते, नसेल तर तशीच राहते. मी एक ओढ्याच्या खालच्या टोकाची भरली आणि एक गंगव्वाच्या झऱ्याची. खालची काळी होणार, झऱ्याची स्वच्छ राहणार, आणि मी म्हणणार, बघा, आपण नदी कशी घेतो आणि कशी करून टाकतो. भाषण तयारच होतं. दोन्ही बाटल्या शालीत गुंडाळून कपाटात ठेवल्या. सुधाने विचारलं, "आधी उघडून बघायचं नाही का?" मी म्हटलं, लोकांसमोरच उघडू, मजा येईल.

समारंभाला दीडशे माणूस होतं. गंगव्वा पहिल्या रांगेत, इरकल नेसून, मांडीवर तांब्या. मी शाल उलगडली. दोन्ही बाटल्या काळ्या होत्या.

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. एक बाटली, एक नमुना, मालक समोर बसलेली. साहेबांचे दोन्ही नियम मला तेव्हाही पाठ होते. पण समोर माणसं होती, हातात माईक होता, आणि मला वाटलं खरं ते बोललंच पाहिजे. मी म्हणालो, "या झऱ्याचं पाणी पिण्यालायक नाही. यात संडासाची घाण आहे." कन्नडात पुन्हा सांगितलं, म्हणजे कुणाला कळायचं राहायला नको.

मागे कुणीतरी खाकरलं. दोन दिवसांपूर्वी ओंजळी प्यायलेले लोक एकमेकांकडे बघू लागले. गंगव्वाने पदर डोक्यावरून घेतला, तांब्या उचलला आणि खुर्च्यांच्या रांगेतून हळूहळू बाहेर गेली. मी खरं बोललो होतो, याचा त्या वेळी मला काही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या नमुन्याची बाटलीही काळीच पडली. आठवड्याने त्या भागातल्या पंचांनी ठरवलं, कुंडावर फरशी टाकून झरा बंद करायचा. पोरंबाळं पितात, उद्या काही झालं तर? त्यांचं चुकलं नव्हतं. मी जाऊन हात जोडले. म्हटलं, घाण कुठून येते ते शोधतो, शिवरात्रीपर्यंत थांबा. ते थांबले. गंगव्वाने त्या दिवसापासून कुंडाला पाठ करून बसायला सुरुवात केली. सुधा तिला रोज दोन कळशा नळाचं पाणी रिक्षातून नेऊन द्यायची. एकदा तिने सुधाला विचारलं, "अक्का, मी पन्नास वर्षं लोकांना घाण पाजली काय?" सुधाने घरी येऊन मला हे सांगितलं आणि ताट वाढून आत निघून गेली.

घाण कुठून येते, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. झऱ्याच्या वरच्या अंगाला पत्र्याच्या खोल्या आहेत, बांधकामावरच्या मजुरांच्या. पंच म्हणाले तिथून, अप्पा म्हणाले तिथून, आणि मीही तेच धरून चाललो होतो. गळका पाइप शोधायला आम्ही एक रंग वापरायचो. चिमूटभर टाकला तरी पाणी पोपटी हिरवं होतं, अपाय काही नाही. संशयाच्या संडासात तो ओतायचा आणि पाणी कुठे हिरवं होतं ते बघत बसायचं. रंगाची बाटली घेऊन मी खोल्यांवर गेलो.

तिथे मंगलबाई भेटली. गवंड्याच्या हाताखाली काम करते, चाळिशीची, आमच्यासारखीच मराठी बोलणारी. तिने माझं सगळं ऐकून घेतलं.

"ओता की सर. पण आमच्याकडं हिरवं नाही निघालं तर पुढं कुठं ओतणार?"

"बघू मग," मी म्हणालो.

"बघू नका, सांगा. तुमच्या कॉलनीत ओताल?"

मी हसलो. म्हटलं, कॉलनी झऱ्यापासून दूर, वर माळावर आहे. आणि आमचे खड्डे पक्के आहेत, वीस वर्षांत माझा एकदाही उपसला नाही.

ती म्हणाली, "तुमच्या लाइनीतले खड्डे मीच खणलेत सर. लग्न होऊन नुकती आले होते. तुम्ही छत्री घेऊन उभे होता. खाली कातळाला भेग लागली होती, तुम्ही जेवायला गेला तेव्हा. मुकादम म्हणाला, बरं झालं, हा खड्डा जन्मात भरायचा नाही."

चौतीस वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. खड्डा भरत नाही याचा अर्थ त्यातलं कुठेतरी जातंय. मी त्यावर वीस वर्षं फुशारकी मारली होती. गल्लीत ड्रेनेजची लाइन येऊन चार वर्षं झाली होती, आणि जोडणी घ्यायची तर नव्या पोर्चची फरशी फोडावी लागेल म्हणून मी ती घेतली नव्हती. तरीही आधी मजुरांच्याच संडासात रंग ओतला, कारण मनातून अजून वाटत होतं की तिथूनच निघेल. आठ दिवस सुधा आणि गंगव्वा कुंडावर बसून राहिल्या. पाणी होतं तसंच राहिलं.

मग एका सकाळी मी माझ्या घरातल्या संडासात रंग ओतला आणि चार बादल्या पाणी सोडलं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी पोर्चमध्ये पेपर वाचत होतो तेव्हा सुधाचा फोन आला. "अहो, या इकडं," एवढंच म्हणाली.

कुंड काठोकाठ पोपटी हिरवं झालं होतं. गंगव्वा काठावर उभी होती. मी तिला सांगितलं की हे माझ्या घरचं आहे. पत्र्याच्या खोल्यांचं नाही, माझ्या घरचं. मला वाटलं शिव्या देईल. तिच्या जिभेला धार आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. तिने कुंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "म्हणजे माझ्या झऱ्यात काही नव्हतं."

"झऱ्यात काही नव्हतं गंगव्वा."

ती खाली बसली आणि रडली. सुधाही तिच्या शेजारी बसली. मी उभाच राहिलो, मला बसायला जागा आहे असं वाटेना.

दुसऱ्या दिवशी मी पोर्च फोडायला घेतला. कामाला मंगलबाईच आली. माझं बघून लाइनीतल्या उरलेल्या घरांनीही जोडण्या घेतल्या, कुरकुर करत. पंचांना मी एवढंच सांगितलं की गळती सापडली, बंद केली, आता दर महिन्याला तपासतो. ते कबूल झाले. दोन पावसाळे झरा धुऊन निघाला. बाटल्या काळ्या होत होत्या, मग उशिरा काळ्या होऊ लागल्या, मग नुसत्या मळकट. लागोपाठ सहा बाटल्या स्वच्छ राहिल्या तेव्हा सहावी घेऊन मी आधी गंगव्वाच्या घरी गेलो, एकटा. तिने ती उजेडात धरून बघितली आणि देवाजवळ ठेवली.

आता समारंभात सगळं सांगतो, मी म्हणालो. घाण कुणाची होती तेही. तर तिने हात वर केला. "नको सर. नदीच्या सणाला कुणाची मान खाली घालायची नसते. माझी घातली होती, मला माहीत आहे." मी गप्प बसलो. तिची माया होती ती, आणि खरं सांगायचं तर मला ती फार सोयीची पडली.

गेल्या कार्तिकात पुन्हा ओंजळी भरल्या. गंगव्वा पहिली ओंजळ प्यायली, दुसरी तिने माझ्या हातात घातली. सगळे निघणार तेवढ्यात अप्पांनी मोठ्याने विचारलं, "मग सर, त्या पत्र्याच्या खोल्यांचं शेवटी काय केलंत? उठवलं का त्यांना?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्या वर्षी मंगलबाई पहिल्यांदाच चालायला आली होती. ती अप्पांच्या मागेच उभी होती, ओंजळीत पाणी घेऊन. मी डोकी मोजायला लागलो. चाळीसपर्यंत मोजली, चुकली, परत मोजली, आणि चालायला लागलो.

ती ते पाणी प्यायली की नाही, मला माहीत नाही. त्या दिवशी ती पहिल्या वळणावरून परत गेली असं सुधाने सांगितलं. दर वर्षी शेवटचं माणूस सोबत आणणाऱ्या सुधाने तिला थांबवलं नाही. "कुठल्या तोंडाने थांबवू?" म्हणाली.

म्हणून या अंकासाठी काहीतरी लिहा असं संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी हेच लिहायला घेतलं. अंकात नाव छापून येतं, आणि आमच्याकडचे सगळे चालणारे तो वाचतात. लिहून झाल्यावर जुना नियम आठवला, रिपोर्ट आधी मालकाला. गेल्या आठवड्यात कागद घेऊन झऱ्यावर गेलो. मंगलबाईलाही निरोप पाठवला होता. ती येईल असं वाटलं नव्हतं, पण आली, कामावरूनच, हाताला सिमेंट. दोघींना बसवून वाचलं, गंगव्वासाठी कन्नडात सांगत सांगत. सण आता झाला, छापायला हरकत नाही ना, असं विचारलं. गंगव्वा म्हणाली, "इरली बिडरी." म्हणजे असू द्या, सोडा. तिच्या मनातून ते केव्हाच सुटलं होतं.

मंगलबाई हात पुसत उठली. म्हणाली, "तुम्ही लिहिलंय, कॉलनीतल्या एका घरातून."

"हो."

"सर, घर नंबर राहिला."

मी घरी येऊन सगळं पुन्हा लिहिलं. वर वाचलंत ते दुसऱ्यांदा लिहिलेलं आहे. चिठ्ठी अशी: जागा, हुणसेहळ्ळ, गंगव्वाचा झरा. घाण आली ती घर नंबर सतरामधून. मालक, मी.